बटण दाबलं, पण फॉर्म पुढे सरकेना: दोष सर्व्हरचा की आपल्या ब्राउझरचा?

जुलै लागला की आमच्या ऑनलाइन केंद्राच्या पायरीवर चपलांचा ढीग पडतो. डवरणी सोडून आलेली माणसं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आधार, पासबुक. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं छोटं गाव आमचं. दर दहा मिनिटांनी कुणीतरी दारातून डोकावतं, "काऊन जी, आलं का सर्वर?" आणि मी वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर देत आलो, "नाही काका, डाउन आहे."

एका दुपारी असंच सांगून मी चार जणांना परत पाठवलं. संध्याकाळी त्यातलेच एक काका मोबाईल घेऊन आले. त्यांच्या पुतण्याने त्याच साइटवर, त्याच दुपारी, अर्ज भरून पावतीसुद्धा काढली होती. सर्व्हर, म्हणजे साइट जिथून येते तो दूरचा कम्प्युटर, ठणठणीत होता, बिघाड माझ्या टेबलावर होता. काका काही बोलले नाहीत, पण मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. तेव्हापासून 'सर्व्हर डाउन' हे शब्द तोंडातून काढायच्या आधी मी काय काय तपासतो, ते इथे लिहितोय. केंद्र चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि घरच्या घरी लेकराच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणाऱ्यांनाही.

ब्राउझर हा आचारी

क्रोम, फायरफॉक्स, एज ही ज्यांची नावं आपण ऐकतो, ते ब्राउझर. वेबसाइट आपल्याला शिजवलेलं ताट पाठवत नाही, फक्त कृती पाठवते: इथे चौकट काढ, इथे यादी लाव, हे बटण दाबलं की अमुक कर. ती वाचून पान मांडायचं काम ब्राउझरचं. कृती एकच असली तरी पाटोडीचा रस्सा सावजीवाल्याच्या हातचा वेगळा आणि पुण्याच्या मावशीच्या हातचा वेगळा, कारण 'चवीपुरतं तिखट' याचा अर्थ दोघांचा निराळा. ब्राउझरच्या पोटातल्या कृती वाचणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात.

पानावर जे जे दाबता, निवडता, भरता येतं ते सगळं म्हणजे कंट्रोल. नावाची चौकट, जिल्ह्याची यादी, तारखेचं कॅलेंडर, पुरुष-स्त्रीचे गोल ठिपके, फोटो जोडायचं बटण, सगळं त्यात आलं.

आता विहिरीवरचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबलं की मोटर लागते खरी, पण बटणामागे वायर असते, कॉइल असते, तीन फेज असतात. पानावरच्या कंट्रोलचंही तसंच, आणि त्यात दोन जाती. एक कंपनी-फिटिंग: कृतीत नुसतं 'इथे तारीख घे' असं लिहिलेलं असतं आणि कॅलेंडर ब्राउझर स्वतःचं लावतो. दुसरी मिस्त्रीची जोडणी: साइट बनवणारा साधा डबा काढतो, त्याला बटणासारखा रंग देतो आणि मागून जावास्क्रिप्टच्या वायरी ओढतो. जावास्क्रिप्ट म्हणजे पानाला हालचाल देणारी सूचनांची भाषा. दिसायला मिस्त्रीचं काम जास्त देखणं असतं. पण वायर निसटली तरी बटण तसंच हिरवंगार दिसत राहतं, आणि आपण दाबत बसतो.

आधी शेजारच्या घरी लाइट आहे का पाहा

रात्री लाइट गेली की आपण पहिल्यांदा काय करतो? दारात येऊन शेजाऱ्याकडे पाहतो. त्याच्याकडेही अंधार असेल तर डीपी गेली, वाट पाहायची. त्याच्याकडे उजेड असेल तर आपलाच फ्यूज. फॉर्मचंही हेच करायचं, पण शेजारी नीट निवडायचा.

इथे माझी अनेक वर्षं चूक होत होती. क्रोममध्ये अडलं की मी एज उघडायचो, तिथेही अडलं की साइटला शिव्या द्यायचो. पुढे कळलं की एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांच्या पोटात क्रोमचंच इंजिन आहे, ब्लिंक नावाचं. गूगलने ते २०१३ साली आधीच्या वेबकिट इंजिनापासून वेगळं काढलं, आणि मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०२० मध्ये नवं एज त्याच पायावर आणलं. रंग बदललेली तीच मोटर. खरा वेगळा शेजारी हवा असेल तर फायरफॉक्स. त्याचं इंजिन गेको, स्वतःचं.

मग मी असं करतो. त्याच कम्प्युटरवर फायरफॉक्समध्ये तोच फॉर्म उघडतो. चालला, तर दोष क्रोमच्या आणि त्या साइटच्या न जमण्याचा, किंवा माझ्या क्रोममध्ये साठलेल्या कचऱ्याचा. कचरा आहे का हे पाहायला क्रोमचीच इन्कॉग्निटो खिडकी उघडायची. तिथे जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात. तिथे चाललं तर साफसफाई करा, काम झालं. दोन्ही ब्राउझरमध्ये अडलं तर मोबाईल काढायचा, तोही केंद्राच्या वायफायवर न ठेवता सिमच्या नेटवर. मोबाईलवरही तसंच अडलं, आणि पांढरकवड्याच्या केंद्रावरचा मित्रही फोनवर "इकडेबी तेच" म्हणाला, तर मग बेलाशक म्हणा सर्व्हर डाउन.

ही भानगड सुरू कुठून झाली

नेटस्केप हा ब्राउझर १९९४ ला आला, मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ ला. दोघांची चढाओढ लागली आणि प्रत्येकाने स्वतःच्या जादा सोयी घुसवल्या. ॲक्टिव्हएक्स नावाची मायक्रोसॉफ्टची सोय त्यातलीच, १९९६ ची. ती फक्त एक्सप्लोररमध्ये चालायची, आणि कचेऱ्यांतली कितीतरी कामं त्यावरच बांधली गेली. 'हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा' ही पाटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

पुढे एकेक खांब काढला गेला. जावा ॲप्लेट, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्राम, ज्या प्लगइनवर (ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या भागांवर) चालायचे, त्यांचा आधार क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण बंद केला. पानावरची चित्रफीत आणि खेळ चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केलं. यांच्या भरवशावर बांधलेली पानं मात्र काही ठिकाणी अजून तशीच उभी आहेत, पडक्या वाड्यासारखी. अशा पानासाठी एजच्या सेटिंगमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' आहे, आणि तो निदान २०२९ पर्यंत चालवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. तेवढ्या एका पानापुरता तो वापरा, बाकी कामाला नको.

१ जूनचा घोळ

आमच्याकडे अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, बापाला तारीख आठवेना, गुरुजींनी १ जून टाकली. केंद्रावर आलेल्या एका काकांचंही तेच. मी चौकटीत ०१, ०६ आणि साल टाकलं, फॉर्म पुढे गेला, आणि शेवटच्या पानावर जन्मतारीख दिसली ६ जानेवारी. आधारशी जुळेना, अर्ज अडला. त्यांच्या मागच्या माणसाची १५ ऑगस्ट तर चौकटीने घेतलीच नाही.

कारण एकच. त्या कम्प्युटरचं विंडोज अमेरिकेच्या प्रदेशावर लावलेलं होतं, आणि अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. पंधरावा महिना नसतो म्हणून १५ ऑगस्टला चौकटीने निदान अडवलं तरी. १ जून मात्र गुपचूप ६ जानेवारी झाली. अडवणारी चूक परवडते, न बोलणारी महाग पडते.

कंपनी-फिटिंगच्या तारखेच्या चौकटीत आतून तारीख नेहमी साल-महिना-दिवस अशीच साठते आणि साइटला तशीच जाते. डोळ्यांना कशी दिसावी, हे विंडोजचा प्रदेश आणि ब्राउझरची भाषा यांवरून ठरतं. म्हणून विंडोजच्या 'रिजन'मध्ये इंडिया निवडा, ब्राउझरची भाषा 'इंग्लिश (इंडिया)' किंवा मराठी ठेवा, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. शक्यतो आकडे टाइप न करता कॅलेंडर उघडून महिन्याच्या नावावर बोट ठेवा. जुन्या ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडणारच नाही. फायरफॉक्सला ही चौकट २०१७ च्या नोव्हेंबरात आली आणि ॲपलच्या मॅकवरच्या सफारी ब्राउझरला थेट २०२१ मध्ये. त्याआधी तिथे नुसती कोरी चौकट दिसायची.

मी आता शेवटच्या पानावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवतो. "एक जून, बरोबर ना?" म्हटलं तर काका हसले. "थे गुर्जीची तारीख व्हय. माहा जलम त पोयाच्या दिवशीचा."

आणखी एक बारीक गोष्ट. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि मोबाईल नंबर देवनागरी आकड्यांत पडला, तर बहुतेक फॉर्म तो चुकीचा ठरवतात. नंबर डोळ्यांना बरोबर दिसतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

तालुका सापडत का नाही?

याची पहिली तऱ्हा ब्राउझरशी संबंधित नाही, पण रोज होते म्हणून सांगतो. आमचं तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा, पण सरकारी यादीत तालुक्याचं नाव केळापूर. नवखा माणूस 'प' खाली शोधत बसतो आणि म्हणतो, यादीच अपुरी आहे.

दुसरी तऱ्हा खरी. यवतमाळ निवडलं की खाली १६ तालुके दिसायला हवेत, पण यादी रिकामी. ही यादी पानासोबत आलेलीच नसते. जिल्हा बदलला की त्या क्षणी पान सर्व्हरला विचारतं, 'यवतमाळचे तालुके दे.' त्या दोन सेकंदांत रेंज गेली की निरोप हरवला. आता तुम्ही पुन्हा यवतमाळच निवडलं तर काही होत नाही, कारण पानाच्या लेखी बदल झालाच नाही. एकदा वर्धा निवडा, मग परत यवतमाळ. निरोप नव्याने जातो. या एका युक्तीने मी पूर्ण भरलेले किती फॉर्म वाचवले असतील, मोजलेले नाहीत. पान रिफ्रेश केलं असतं तर सगळं पुन्हा भरावं लागलं असतं.

तिसरी तऱ्हा क्रोमच्या भाषांतराची. इंग्रजी पान दिसलं की वर 'मराठीत भाषांतर करू का' असं येतं आणि आपण हौसेने हो म्हणतो. भाषांतर करताना क्रोम पानाचा मजकूर उचलून जागी दुसरा ठेवतो, त्यामुळे मिस्त्रीच्या जोडणीतल्या वायरी कधी कधी तुटतात. काही याद्यांत तर निवडलेला शब्दच साइटला पाठवला जातो. तो भाषांतरित गेला तर साइटला ओळखू येत नाही. फॉर्म भरताना भाषांतर बंद. समजलं नाही तर मोबाईलवर वेगळं पाहा.

बटण मेलेलं आहे, आता?

सबमिट दाबलं, काहीच नाही. आधी पान वरपासून खालपर्यंत चाळा. एखादी सक्तीची चौकट कोरी असते आणि तिची लाल सूचना वर कुठेतरी, पडद्याच्या बाहेर लपलेली असते. मग पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बघा. पावती नव्या खिडकीत उघडणार असेल आणि ब्राउझरने ती पॉपअप म्हणून अडवली असेल, तर तिथे छोटं चिन्ह दिसतं. त्या साइटपुरती परवानगी द्या. पान मोठं करून पाहत असाल तर झूम १०० टक्क्यांवर आणा. कधी एका कंट्रोलवर दुसऱ्याची न दिसणारी कड चढलेली असते आणि आपलं बोट त्या कडेवर पडत असतं.

एवढ्याने नाही झालं तर एफ १२ दाबा. बाजूला एक खिडकी उघडेल, त्यात 'कन्सोल' असा कप्पा आहे. घाबरायचं कारण नाही, तिथे नुसतं वाचून काही बिघडत नाही. (तिथे कुणी सांगितलं म्हणून काही पेस्ट मात्र करू नका, फसवणुकीची ती जुनी वाट आहे.) आता सबमिट पुन्हा दाबा आणि लाल अक्षरांतली ओळ पाहा. शेवटी 'इज नॉट डिफाइन्ड' असेल, तर बहुधा जावास्क्रिप्टचा एक तुकडा आलाच नाही. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची, तसं त्या तुकड्यावर अवलंबून असलेलं पुढचं काम थांबतं. आणि लाल ओळीत ५००, ५०२, ५०३ असा पाचशेचा आकडा असेल तर तो सर्व्हरचा स्वतःचा कबुलीजबाब. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू त्या जागी नाही.

तुकडा न येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कॅश. पान लवकर उघडावं म्हणून ब्राउझर जुन्या फाइली घरात साठवून ठेवतो, ती साठवण. साइटने काल रात्री बदल केला, पान नवं आलं आणि फाइल घरातली जुनीच वापरली गेली, म्हणजे नव्या स्टार्टरला जुनी कॉइल. कीबोर्डावरचं कंट्रोल धरून एफ ५ दाबा, ब्राउझर सगळं नव्याने आणतो. फॉर्म अर्धा भरलेला असेल तर आधी सेव्ह करा, नाहीतर सगळं जाईल.

घड्याळ, फिंगर आणि सहीचं टोकन

लोडशेडिंगच्या गावात जुना डेस्कटॉप असेल तर हे होतंच. मदरबोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की लाइट जाऊन आल्यावर कम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटकडे ओळखीचं प्रमाणपत्र असतं, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कम्प्युटरच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, म्हणून ब्राउझर 'कनेक्शन खासगी नाही' म्हणून दार लावून घेतो. सगळ्याच साइट एकदम असं म्हणायला लागल्या तर उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सेल बदला, किरकोळ किमतीला मिळतो.

अंगठा घेणारं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचा पेन ड्राइव्हसारखा तुकडा) यांचं दुखणं वेगळं. पूर्वी पान ॲक्टिव्हएक्स किंवा जावा ॲप्लेट वापरून थेट यूएसबीला हात घालायचं. ते धोक्याचं होतं, म्हणून बंद झालं. आता कम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम सतत चालू असतो आणि पान त्याच्याशी बोलतं. आधारच्या फिंगर मशीनचा तो प्रोग्राम म्हणजे आरडी सर्व्हिस, आणि तो ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या दारांवर पानाची वाट पाहत बसतो. मशीनचा दिवा लागला म्हणजे सगळं ठीक असं नाही. हा प्रोग्राम बंद पडला असेल, किंवा अँटिव्हायरसने दार अडवलं असेल, तर पान म्हणणार 'डिव्हाइस सापडलं नाही'. विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन तो पुन्हा चालू करा. अलीकडचं क्रोम अशा बोलण्यासाठी परवानगीही विचारतं. घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं असेल तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हातून ती परत देता येते.

"मोबाईलवर तर होते, मग कम्प्युटर कायले?"

प्रश्न बरोबर आहे. फोनमधलं क्रोम प्ले स्टोअरमधून आपोआप नवं होत राहतं आणि केंद्रातला विंडोज सेव्हनचा डबा जिथल्या तिथे राहतो. त्यासाठीचं शेवटचं क्रोम १०९ क्रमांकाचं, जानेवारी २०२३ चं. त्यानंतर साइट बनवणाऱ्यांनी वापरलेल्या नव्या सोयी त्याला कळत नाहीत. "चालून राह्यलं ना, कशाला बदलता" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: त्या कम्प्युटरवर आपण गावाचे आधार नंबर आणि बँकेचे पासवर्ड टाकतो, आणि त्याच्या ब्राउझरची भोकं बुजवणारं आता कुणी नाही.

मोबाईलचेही रुसवे आहेत. फेसबुकमध्ये आलेल्या लिंकवर बोट ठेवलं की पान त्या ॲपच्या पोटातच उघडतं, आणि अशा अर्धवट खिडकीत फोटो जोडायचं बटण किंवा पावतीचं डाउनलोड कधी कधी चालत नाही. वरच्या तीन ठिपक्यांतून 'ब्राउझरमध्ये उघडा' निवडा. ऑपेरा मिनीच्या जास्त बचतीच्या मोडमध्ये पान त्यांच्या सर्व्हरवर मांडून, दाबून लहान करून आपल्याकडे येतं. बातम्या वाचायला झकास, फॉर्मला निरुपयोगी.

"मग सगळ्यांनी एकच ब्राउझर का वापरू नये?"

तो प्रयोग होऊन गेला आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हे २००१ ला आलं, जवळजवळ सगळं मैदान त्याचंच झालं, आणि पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडलं. स्पर्धाच नाही म्हटल्यावर सुधारणार कोण? फायरफॉक्स २००४ ला आणि क्रोम २००८ ला आलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

"चूक त्यांची, निस्तरायचं आम्ही?"

हो, पुष्कळदा चूक साइट बनवणाऱ्याचीच असते, हे मी मान्य करतो. काही साइट आल्या आल्या ब्राउझरला नाव विचारतात आणि ओळखीचं नसेल तर हाकलतात. गंमत म्हणजे नेटस्केपच्या काळापासून जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आपली ओळख 'मोझिला' या शब्दाने सुरू करतो, कारण त्या काळी ते नाव सांगितलं की चांगलं पान मिळायचं. म्हणजे नावावर विसंबण्यात अर्थ तेव्हाही नव्हता. शहाणा प्रोग्रामर 'तू कोण' न विचारता 'तुला हे जमतं का' विचारतो, आणि जमत नसेल तर साधी चौकट देतो. माझं विचाराल तर सरकारी फॉर्मला देखण्या जोडणीची गरजच नाही, कंपनी-फिटिंगची साधी यादी बास. ती जुन्या फोनवरही उघडते.

पण त्यांच्यापर्यंत हे पोचायला तक्रार नीट लिहावी लागते. 'साइट चालत नाही' यावर कुणी काही करू शकत नाही. मी एकदा हेल्पडेस्कला असं लिहिलं होतं: तारीख आणि वेळ, विंडोज कोणतं, ब्राउझर आणि त्याचा आकडा (तीन ठिपके, हेल्प, अबाउट), कोणत्या पानावर कोणतं बटण, फायरफॉक्समध्ये चालतं का, आणि कन्सोलमधल्या लाल ओळीचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये काकांचा आधार नंबर दिसत होता, तो आधी काळा केला. चार दिवसांनी उत्तर आलं, 'कृपया आता तपासा.' तपासलं, बटण लागलं. त्या दिवशी पायरीवर सहा जण होते, सहाही अर्ज जेवणाच्या सुट्टीआधी गेले.